पुढच्या स्प्रिंगा आणि सासूबाईंची कवळी

तोंडात घास असताना माणसानं बढाई मारू नये. घास गिळायला जो वेळ लागतो, तेवढ्यात थोडा तरी विचार होतो. मी त्या रविवारी घास गिळायलाही थांबलो नाही, आणि पुढचं सगळं महाभारत तिथून सुरू झालं.

चर्चहून आल्यावर आम्ही सासूबाईंकडे जेवायला बसलो होतो. आम्ही म्हणजे एक मी नॉर्बर्ट, गावच्या पाणीपट्टी कचेरीतला हेडक्लार्क (हेड म्हणजे हाताखाली कोणी आहे असं नाही, मी एकटाच असतो). माझी बायको जीना. आणि माझा मेहुणा ड्वेन. ड्वेन ॲरिझोनाहून विमानानं आला होता आणि ते दर घासाला सांगत होता. सासूबाई म्हणजे क्लारा वोयचिक. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि आवाज उभ्या मिशिगनला पुरून उरेल असा. सासरे, म्हणजे कॅस, जाऊन दोन वर्षं झाली होती. घर विकलं गेलं होतं, आणि उन्हाळा संपला की सासूबाईंनी ड्वेनकडे ॲरिझोनात कायमचं राहायला जायचं, असं ठरलं होतं.

"आणि पपांची गाडी मी घेऊन जातो," ड्वेन म्हणाला. मीठ इकडे दे म्हणावं तितक्या सहज.

मी मीठच त्याच्याकडे सरकवलं.

ती गाडी म्हणजे सत्तर सालची शेवेल. लालभडक, बॉनेटवर दोन काळे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना चकचकीत बिल्ले: चारशे चोपन्न. हा आकडा इंजिनाच्या आकारमानाचा. त्या काळी आमच्याकडच्या कारखान्यांना अशी टूम आली होती, की बेताच्या गाडीत राक्षसाएवढं इंजिन बसवायचं आणि ती पोराटोरांच्या हाती द्यायची. चारशे चोपन्न हा त्यातला थोरला राक्षस. आमच्या भागात माणसाला वय विचारलेलं चालतं, पगार विचारलेला चालतो, तिसरं लग्न का मोडलं हेही विचारलेलं चालतं. पण 'तुझ्या गाडीवरचा बिल्ला खरा आहे का?' हे विचारायचं नाही. त्यावरून सख्खे भाऊ वेगळे झालेले मी पाहिलेत.

सासरे गेल्यापासून गाडी आमच्या गॅरेजात होती. दर शनिवारी मी तिला आंघोळ घालायचो, पुसायचो, चहूबाजूंनी न्याहाळायचो. (जीना म्हणते, लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा तू माझ्याकडे असं कधी बघितलं नाहीस.) पण रूप राजकन्येचं असलं तरी गुडघे पार गेले होते. पुढच्या चाकांचे रबरी बुश भेगाळलेले, बॉल जॉइंट खुळखुळणारे, स्प्रिंगा दमून बसलेल्या. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे जायची. रस्त्याच्या डाव्या बाजूला राहणाऱ्या लोकांशी माझी चांगली ओळख झाली ती त्यामुळेच.

आणि गेल्या ऑगस्टात तर शोभाच झाली. आमच्या गावात ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. लोक सकाळपासून रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. भर रस्त्यात रेल्वेचे रूळ आडवे येतात. त्या रुळांवरून आमची गाडी अशी काही उसळली, की सासूबाईंची कवळी तोंडातून सुटली, खिडकीतून बाहेर गेली आणि कडेला वाजवत उभ्या असलेल्या बँडमधल्या सगळ्यात मोठ्या कर्ण्यात पडली. तो बिचारा गाल फुगवून फुंकतोय, आवाज म्हणून निघत नाही.

"गाडी नॉर्बर्टकडे राहिली," ड्वेन म्हणाला, "तर पुढच्या वेळी आईच खिडकीतून बाहेर जाईल."

या वाक्यानं मी पेटलो. माझ्या तोंडात बटाट्याची पिरोगी होती, म्हणजे उकडलेली पोलिश करंजी. तरी मी बोललो.

"पुढचं अख्खं सस्पेन्शन नवीन करतोय मी! एकेक पार्ट स्वतः निवडणार. ऑगस्टात आईंना पाळण्यात बसल्यासारखं वाटलं नाही, तर नावाचा नॉर्बर्ट नाही!"



"तू?" जीना म्हणाली. "स्वयंपाकघरातला बल्ब बदलायला तू माणूस बोलावलास."

"बल्बचं वेगळं असतं."

सासूबाईंनी डाव खाली ठेवला. डाव खाली ठेवला की त्या घरात निकाल लागतो. "ठरलं मग," त्या म्हणाल्या. "मिरवणुकीत मी पुढच्या सीटवर बसणार. रुळांवरून जाताना माझी कवळी तोंडात राहिली, तर गाडी नॉर्बर्टची. सुटली, तर ड्वेनची. आणि त्याआधी कोणी भांडलात, तर दोघांनाही नाही. चर्चला देऊन टाकीन."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी अभ्यासाला बसलो.

जुन्या गाडीवाल्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथं मी एक साधा, निरागस प्रश्न टाकला: बुश रबरी घ्यावेत की पॉलियुरेथेनचे? वाटणीच्या वेळी भावाभावांत होतं तसं झालं. पॉलियुरेथेन म्हणजे कडक, लालचुटूक, दिसायला देखणं. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहते म्हणतात. पण ग्रीस कमी पडलं की कुरकुरतं, आणि रस्त्यावरचा खडान्‌खडा मणक्याला कळवतं. रबर काळं, गबाळं, पण मऊ आणि मुकाट. एकानं लिहिलं, 'रबर म्हाताऱ्यांसाठी असतं.' दुसऱ्यानं लिहिलं, 'मी म्हातारा आहे, पत्ता सांग, येतो.' तिसऱ्यानं खरंच पत्ता दिला.

माझं मन लाल बुशवर जडलं होतं.

"का?" जीनानं विचारलं.

"दिसतात काय!"

"ते गाडीच्या पोटाखाली असतात. कोण बघणार? कुत्रं?"

"वळणावर गाडी चिकटून राहते."

"मिरवणूक सरळ रस्त्यानं जाते."

"पण शर्यतीत—"

"आईची कवळी," ती एवढंच म्हणाली.

रबर घेतलं. (हे मी लग्नात शिकलो. वादात हरायचं असेल तर लवकर हरावं, संध्याकाळ चांगली जाते.) मग बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, शॉक ॲब्सॉर्बर. एकेका वस्तूसाठी मी झोप उडवून घेतली. कचेरीत एक बाई विचारायला आल्या, या महिन्यात पाण्याचं बिल जास्त का आलं? मी मान वर न करता म्हणालो, "बुश गेले असतील." त्या घाबरून बिल भरून गेल्या.

शेवटी राहिल्या स्प्रिंगा. त्यांच्यासाठी मी ओहायोतल्या एका दुकानाला फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाच्या बाई होत्या.

"पुढच्या स्प्रिंगा इंजिनाच्या वजनाप्रमाणे असतात, साहेब. इंजिन कुठलं?"

"चारशे चोपन्न," मी छाती काढून म्हणालो. फोनवर छाती दिसत नाही, पण आवाजात येते.

"नक्की ना?"

"म्हणजे?"

"नाही, एकदा बॉनेट उघडून इंजिनावर कोरलेला नंबर वाचता का? काय होतं, बऱ्याचदा वरचा बिल्ला—"

"बाई, तुम्ही माझ्या सासऱ्यांना खोटारडे म्हणताय?"

"मी त्यांना ओळखतसुद्धा नाही, साहेब."

"ओळखत असता तर विचारलं नसतं! चारशे चोपन्नच्या पाठवा. त्यातल्या त्यात दणकट!"

आणि फोन ठेवला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की मी उरलेला केक एकट्यानं संपवला. नंबर वाचायची गरजच काय? मी पाणीपट्टीवाला माणूस. आमच्याकडे मीटरवर दिसतो तो आकडा खरा, त्यावर अपील नाही. इथं तर आकडा दोन बिल्ल्यांवर होता आणि शिवाय बॉनेटखाली, एअर फिल्टरच्या झाकणावर, भलंमोठं स्टिकर होतं. तीन ठिकाणी एकच आकडा! आम्ही एका ठिकाणी दिसला तरी पैसे घेतो.

पार्ट आले आणि कामाला सुरुवात झाली. काम जीनानं केलं. (पार्ट निवडणार असं म्हणालो होतो, बसवणार असं म्हणालो नव्हतो.) आमच्याकडे प्रत्येक पोराचं बालपण बापासाठी टॉर्च धरण्यात आणि टॉर्च चुकीचा धरला म्हणून शिव्या खाण्यात जातं. ड्वेन दोनदा रडला म्हणून कॅसनं जीनाला पुढे केलं, आणि टॉर्च धरता धरता ती सगळं शिकली. आता ती गाडीखाली आणि टॉर्च माझ्या हातात.

"इकडे धर."

"धरलाय."

"माझ्या डोळ्यांत नाही, बुशवर धर."

"तू बघतेस तिकडे धरू, की मी बघतो तिकडे?"

"तू बघूच नकोस! नुसता धर! एवढा बाप्या झालास, टॉर्च धरता येत नाही!"

आणि एकदम पान्याचा आवाज थांबला. मग गाडीखालून बारीक आवाज आला, "पपा अगदी असेच ओरडायचे रे." तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि गालभर ग्रीस लागलं. मला ती त्या वेळी इतकी आवडली, की टॉर्च परत तिच्या डोळ्यांत गेला.

स्प्रिंगा बसवायचं काम अवघड. ती जाड स्प्रिंग यंत्रानं दाबून जागेत सरकवावी लागते, आणि निसटली तर भिंत फोडून शेजाऱ्याकडे जाते. त्या वेळी मी गॅरेजच्या दाराबाहेर उभा राहून टॉर्च धरला. प्रकाश लांबूनही पोचतो.

मिरवणुकीच्या आदल्या दुपारी काम संपलं.

"जॅक उतरव," जीना म्हणाली.

"उतरवला."

"पूर्ण?"

"हा बघ, हातात आहे."

"मग गाडी खाली का आली नाही?"

मी बघितलं. गाडीची पाठ होती तिथंच होती आणि नाक वर, आभाळात. हेडलाइट समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्याकडे बघत होते.

"नवीन आहे ना," मी म्हणालो, "लाजत असेल."

आम्ही दोघं पुढच्या बंपरवर बसलो. काही नाही. उड्या मारल्या. काही नाही. आमच्याकडे हिवाळ्यात चाकं घसरू नयेत म्हणून डिकीत मिठाची पोती टाकतात. उरलेली पोती गॅरेजात होती, ती बॉनेटवर चादर घालून रचली. नाक हळूच खाली आलं. पोती काढली, पुन्हा वर. मग मी गाडी रस्त्यावर काढली. समोर रस्ता दिसेना, नुसते ढग. आणि कडक तर अशी, की आमच्या दारासमोरच्या चिमुकल्या खड्ड्यात माझा चष्मा उडून मागच्या सीटवर गेला. घट्ट बसलेल्या चष्म्याचे हे हाल, तर कवळीचं काय होणार?

इतक्यात दोन घरं पलीकडून सासूबाई भांडं घेऊन आल्या. गाडीपुढे उभ्या राहिल्या, मान वर केली.

"हे काय? गाडी प्रार्थना करतेय की काय?"

"आई, काही कळत नाही," मी रडकुंडीला आलो. "मोजूनमापून घेतलंय सगळं. स्प्रिंगासुद्धा बरोब्बर चारशे चोपन्नच्या मागवल्या."

सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं. "कशाच्या?"

"चारशे चोपन्नच्या."

"अरे देवा." त्या स्टुलावर बसल्या. "कॅसनं तुम्हाला सांगितलंच नाही?"

"काय?"

"बिल्ले मी चिकटवलेत."

मी जीनाकडे बघितलं. जीना माझ्याकडे. टॉर्च अजून माझ्या हातात होता आणि उगाचच चालू होता.

"आत लहानच इंजिन आहे," सासूबाई म्हणाल्या. "साधंसुधं, घरंदाज. ड्वेन तेव्हा पोटात होता, मोठ्या इंजिनाची ऐपत कुठली! मग कॅस जुन्या बाजारातून ते बिल्ले घेऊन आला. मी पट्टी लावून सरळ धरले, त्यानं दाबले. झाकणावरचं स्टिकरही माझंच. जरा तिरकं गेलंय बघ, शिंक आली होती."

"पपांनी मला शपथेवर सांगितलं होतं!" जीना ओरडली.

"मलाही सांगायचा. चिकटवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी! त्याला स्वतःला खरं वाटायला लागलं होतं गं. मी कशाला मोडता घालू? माणूस सुखात होता." मग त्यांनी बोट उगारलं. "पण ड्वेनला यातलं अक्षर कळता कामा नये. बापाचा तो बिल्ला म्हणजे त्याचा देव आहे. शपथ घ्या!"

आम्ही पान्यावर हात ठेवून शपथ घेतली. (पवित्र असं दुसरं काही जवळपास नव्हतं.)

म्हणजे आता माझी अवस्था बघा. स्प्रिंगा परत करून दुसऱ्या मागवायला वेळ नाही. असं का झालं ते ड्वेनला सांगायची सोय नाही. उद्या रुळांवर कवळी उडणार, गाव हसणार, आणि गाडी ॲरिझोनाला जाणार. मला खरंच रडू आलं. कॅस माझ्याशी कधी फारसं बोलला नाही. पण दर रविवारी जेवणानंतर तो गॅरेजात जायचा, शेजारचं दार उघडायचा आणि म्हणायचा, "बस." आम्ही तळ्यापर्यंत जाऊन यायचो, दोघंही गप्प. त्यानं स्वतःच्या मुलाला कधी नेलं नाही, मला न्यायचा. जावयाला सासऱ्याकडून याहून जास्त काय मिळतं? ती गाडी गेली तर तो रविवार गेला.

मी डोळे पुसत मिठाच्या पोत्यांकडे बघत उभा होतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात वेळेवर प्रकाश पडला.

"जीना! स्प्रिंगा बरोबर आहेत!"

"ऊन लागलंय तुला. आत चल."

"अगं, स्प्रिंगा बरोबर आहेत, इंजिन चूक आहे! त्यांना मोठ्या इंजिनाचं वजन पाहिजे. इंजिन नाही, तर निदान वजन देऊ! हिवाळ्यात मागे घालतो, ते पुढे घालायचं!"

जीना माझ्याकडे बघत राहिली. असं तिनं माझ्याकडे लग्नाआधी एकदा बघितलं होतं. "मीठ नको," ती हळूच म्हणाली, "गंज चढेल. लोखंड पाहिजे. लांबट."

"लोखंड माझ्याकडे आहे," सासूबाई म्हणाल्या. "जुन्या खिडक्यांतलं."

आमच्याकडच्या जुन्या घरांत खिडकीची तावदानं वर-खाली सरकतात, आणि ती जागेवर राहावीत म्हणून चौकटीच्या आत दोरीला लोखंडी दांडकी टांगलेली असतात. सासूबाईंच्या घराच्या खिडक्या बदलल्या तेव्हा अशी दांडकी ढीगभर निघाली, आणि कॅसनं ती जपून ठेवली. कॅस काहीच टाकत नसे. मी ढकलगाडीतून ती आणली. जीना परत गाडीखाली गेली आणि तिनं एकेक दांडकं चॅसीला, बंपरच्या आत, लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवलं. मी टॉर्च धरला. (या वेळी बरोबर धरला, तसं तिनं नंतर कबूल केलं.) प्रत्येक दांडक्यासरशी नाक थोडं खाली यायचं आणि सासूबाई टाळी वाजवायच्या. शेवटचं दांडकं बसलं आणि गाडी जमिनीला समांतर झाली. मी ती दारासमोरच्या खड्ड्यातून नेली. चष्मा हललासुद्धा नाही. मी तीच चक्कर परत मारली, मग पुन्हा मारली, मग शेजाऱ्यांनी पडदे ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी ड्वेन ॲरिझोनाहून परत आला, विमानतळावरून थेट. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली, तोंड वाकडं केलं. मग बरोबर आईच्या मागच्या सीटवर बसला, म्हणजे पुढच्या आरशातून त्याला तिचं तोंड दिसेल.

रस्त्याच्या दोन्ही कडांना ही गर्दी! पण रुळांपाशी होती तशी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. माझी समजूत अशी, की अख्खा गाव कवळी बघायला जमला होता. बँडही तिथंच उभा होता. आमची लाल गाडी दिसताच मोठ्या कर्ण्यावाल्यानं कर्ण्याच्या तोंडावर हात ठेवला.

सासूबाई आरामात बसल्या होत्या. हातात भाजलेलं मक्याचं कणीस.

"आई, ते कणीस ठेव ना," मागून जीना कळवळली. "निदान रूळ जाईपर्यंत!"

"का? कवळी काय दाखवायला लावलीय?"

मी ब्रेकवर पाय ठेवला.

"हळू घ्यायचं ठरलं नव्हतं हं," ड्वेन म्हणाला.

"ड्वेन बरोबर बोलतोय," सासूबाई म्हणाल्या. "कॅस इथं कधी हळू गेला नाही. दाब!"

मी डोळे मिटले (ते चुकलंच) आणि दाबलं. रूळ आले. आणि बरोबर रुळांवर, बाईंनी कणसाचा कचकन लचका तोडला! गाडी एकदा खाली बसली, एकदा वर आली, आणि पुढे निघाली. बस्स. खडखड नाही, करकर नाही, डावीकडे ओढणं नाही. मी डोळे उघडले. ड्वेन आरशात बघत होता. सासूबाई चावत होत्या. दोन्ही बाजूंचे दात, वरचे आणि खालचे, जागच्या जागी.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

काय तो गलका उठला! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. कर्णेवाल्यानं हात काढून असा फुंकला की टोप्या उडाल्या. जीनानं मागून माझ्या गळ्यात हात टाकले आणि मी रडत रडत गाडी चालवत राहिलो, आणि गाडी, हात सोडला तरी, सरळ चालत राहिली. मी! बल्बसाठी माणूस बोलावणारा मी! त्या दिवशी मला कोणी सांगितलं असतं, नॉर्बर्ट, चंद्रावर जायचंय, तर मी फक्त विचारलं असतं, बुश कुठले घालू?

मैदानात गाड्या उभ्या केल्यावर टोपीवाला एक पाहुणा आला. परगावचा असावा, कारण त्यानं बिल्ल्याकडे बघून सरळ विचारलं, "काय हो आजी, चारशे चोपन्न खरी आहे का?"

आजूबाजूची माणसं थबकली. ड्वेनच्या मुठी वळल्या. 

सासूबाईंनी कणसाचा दांडा त्याच्या हातात दिला. "विचारतोस काय? काट्यावर घाल आणि वजन करून बघ."

पाहुण्यानं टोपी काढली आणि माफी मागितली. ड्वेनचे डोळे भरून आले. "पपांची गाडी आहे," तो मला म्हणाला. "खरीच असणार. आणि नॉर्बर्ट, तू राखलीस रे. गाडी तुझी." त्यानं मला मिठी मारली. मीही मारली. जिंकलेल्या माणसाला मोठं मन ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

"चाव्या दे," सासूबाई म्हणाल्या.

"आई?"

"दे तर."

त्या स्टिअरिंगवर बसल्या. मैदानाला एक फेरी घातली, मग उलट दिशेनं एक, मग एका हातानं एक. आमच्यासमोर येऊन करकचून थांबल्या.

"मला आयुष्यात ही एकच गाडी चालवता येते," त्या म्हणाल्या. "ती ओढायला लागली, मनगटात जोर राहिला नाही, म्हणून मी घरी बसले. म्हटलं, आता कशाला इथं राहायचं, ना बिंगो खेळायला जाता येत, ना मैत्रिणींकडे. पण ही तर लोण्यासारखी फिरतेय! ड्वेन, मी नाही येत ॲरिझोनाला."

"पण आई, घर विकलंय," ड्वेन म्हणाला.

"जीनाकडे वरची खोली आहे की. तिथं नुसते नॉर्बर्टचे कॅटलॉग पडलेत."

ड्वेननं मला पुन्हा मिठी मारली. ही आधीच्या मिठीपेक्षा कितीतरी घट्ट होती आणि बराच वेळ सुटेना. विमानतळावर जाताना तो शीळ घालत होता, असं जीना सांगते.

तर गाडी माझी आहे. कागदोपत्री. चाव्या सासूबाईंच्या पर्समध्ये असतात. दर मंगळवारी त्या बिंगोला निघतात, जीना शेजारी बसते, आणि मी मागे, मांडीवर गरम पिरोगींचं भांडं धरून. पुढचं सस्पेन्शन इतकं सुरेख जमलंय, की रूळ आले तरी बाई वेग कमी करत नाहीत. मागचं मात्र अजून जुनंच आहे. परवा रुळांवर माझं डोकं दाणकन छताला आपटलं, तेव्हा त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नॉर्बर्ट, नीट बस. पिरोगी सांडतील."